तीन कुलपे आणि एक पियानो : ‘द क्रेडल विल रॉक’, न्यूयॉर्क, १६ जून १९३७

१२ जून १९३७ रोजी वॉशिंग्टनहून न्यूयॉर्कच्या सरकारी नाट्य विभागाला एक परिपत्रक आले. येऊ घातलेली कपात आणि फेररचना लक्षात घेता १ जुलैपूर्वी कोणतेही नवे नाटक, संगीताचा कार्यक्रम किंवा चित्रप्रदर्शन सुरू करू नये, एवढाच त्याचा आशय होता. त्यात कोणत्याही नाटकाचे किंवा लेखकाचे नाव नव्हते आणि आक्षेपार्ह मजकुराबद्दल अवाक्षर नव्हते. अमेरिकेचे सरकारी वर्ष तेव्हा ३० जूनला संपत असे. त्यामुळे कागद वाचताना हिशेबखात्याचा वाटावा असाच होता. चारच दिवसांनी, १६ जूनला, मार्क ब्लिट्झस्टाइन यांच्या ‘द क्रेडल विल रॉक’ या संगीत नाटकाचा पहिला जाहीर प्रयोग ठरला होता आणि हजारो तिकिटे आगाऊ विकली गेली होती.

प्रयोग त्याच तारखेला झाला, पण वेगळ्या थिएटरात, नेपथ्याशिवाय, वाद्यवृंदाशिवाय आणि प्रेक्षकांच्या खुर्च्यांमधून. ही रात्र बहुतेक वेळा शौर्यकथा म्हणून सांगितली जाते. शौर्य त्यात होतेच, पण काम कसे जमले ते त्यातून कळत नाही. नाटकाला तीन कुलपे लागली होती आणि ती तीन वेगळ्या हातांनी लावली होती. कोणत्या नियमात नेमके काय लिहिले आहे आणि काय लिहायचे राहून गेले आहे, हे बारकाईने पाहिल्यामुळेच प्रयोग उभा राहिला. त्यातली दोन कुलपे कामगार संघटनांची होती आणि नाटक कामगार संघटनेची बाजू घेणारे होते. प्रकरण अभ्यासण्यासारखे आहे ते त्यामुळे.

पगार सरकारचा

महामंदीत बेकार झालेल्यांना काम देण्यासाठी रूझवेल्ट सरकारने १९३५ साली वर्क्स प्रोग्रेस अॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे डब्ल्यूपीए, सुरू केले. प्रमुख हॅरी हॉपकिन्स. रस्ते, पूल, शाळा यांच्याबरोबर लेखक, चित्रकार, वादक आणि नट यांनाही त्यात घेतले. नाट्य विभागाचे नाव फेडरल थिएटर प्रोजेक्ट. त्याच्या संचालक हॅली फ्लॅनगन या व्हासर कॉलेजात नाट्यविभाग चालवत होत्या. व्यावसायिक निर्मात्यांच्या वर्तुळातल्या नव्हत्या.

या योजनेची रचना समजल्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही. दहातले साधारण नऊ जण ‘रिलीफ’च्या यादीवरचे, म्हणजे गरिबी सिद्ध केलेले, असावे लागत. न्यूयॉर्कमध्ये नटाचा पगार आठवड्याला २३ डॉलर ८६ सेंट. बहुतेक पैसा पगारावरच खर्च व्हायचा, कारण योजनेचा हेतू नाटक नसून रोजगार होता. खासगी निर्माता पात्रे कमी करून खर्च वाचवतो. इथे उलटा हिशेब होता, जितकी माणसे जास्त तितके चांगले. म्हणून फेडरल थिएटरच्या नाटकांत भलीमोठी कोरस मंडळी आणि मोठे वाद्यवृंद दिसतात. पण हा पगार गेला की माणूस पुन्हा मदतीच्या रांगेत उभा. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, वट असलेल्या नटाला बंडखोरीची जी किंमत पडेल, तिच्या कितीतरी पट ती रिलीफवरच्या नटाला पडणार होती.

सरकार आणि रंगमंच यांची पहिली ठिणगी जानेवारी १९३६ मध्येच पडली होती. ‘लिव्हिंग न्यूजपेपर’ या ताज्या घडामोडींवरच्या नाट्यमालिकेचा पहिला प्रयोग इथिओपियावरच्या इटालियन आक्रमणाबद्दल होता. परदेशी राज्यकर्त्यांना परवानगीवाचून रंगमंचावर दाखवू नये असा हुकूम आला, प्रयोग बारगळला आणि न्यूयॉर्क विभागाचे प्रमुख, नाटककार एल्मर राइस यांनी राजीनामा दिला. वर्तमानपत्रांत बभ्रा झाला. मजकुरावर बोट ठेवून केलेली बंदी महागात पडते, हे त्या वेळी सगळ्यांना दिसले. १९३७ च्या परिपत्रकात मजकुराचा उल्लेखच नसणे हे त्या पार्श्वभूमीवर वाचायला हवे.

फेडरल थिएटरमधल्या ‘प्रोजेक्ट ८९१’ या तुकडीची सूत्रे निर्माता जॉन हाऊसमन आणि दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांच्याकडे होती. वेल्स तेव्हा २२ वर्षांचे. दोघांनी १९३६ मध्ये हार्लेममध्ये कृष्णवर्णीय नटांना घेऊन हैतीच्या पार्श्वभूमीवरचा ‘मॅकबेथ’ केला होता. त्यानंतर ३९ व्या रस्त्यावरच्या मॅक्सीन एलियट थिएटरात मार्लोचा ‘डॉक्टर फॉस्टस’ गाजवला. ‘क्रेडल’ त्याच थिएटरात व्हायचे होते.

नाटकात काय होते

ब्लिट्झस्टाइन फिलाडेल्फियाचे. पॅरिसला नादिया बुलांझे आणि बर्लिनला अर्नोल्ड शोनबर्ग यांच्याकडे शिकलेले, म्हणजे पक्के शास्त्रोक्त संगीतकार. वेश्येच्या तोंडी असलेले एक गाणे त्यांनी जर्मन नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्त यांना वाजवून दाखवले. शरीर विकणारी एकटीच कशाला, वर्तमानपत्र, चर्च, विद्यापीठ, कला यांची विक्रीही दाखवा, असे ब्रेख्त यांनी सुचवले. १९३६ च्या उन्हाळ्यात, पत्नीच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत, ब्लिट्झस्टाइन यांनी अवघ्या काही आठवड्यांत संपूर्ण नाटक लिहून काढले आणि ते ब्रेख्त यांनाच अर्पण केले.

स्थळ स्टीलटाऊन नावाचे पोलादगाव. वेळ एका रात्रीची, कामगार संघटना उभी राहते आहे ती. गावाचा मालक मिस्टर मिस्टर. त्याने गावातल्या प्रतिष्ठितांची ‘लिबर्टी कमिटी’ करून ती संघटनेविरुद्ध उभी केली आहे. भाषण करणाऱ्यांना धरा, असे पोलिसाला सांगितलेले असते. तो अक्कलहुशारीने कमिटीच्याच मंडळींना उचलून रात्रीच्या कोर्टात आणून बसवतो. तिथेच मॉल ही वेश्या आहे, धंदा गमावलेला औषधवाला आहे आणि पत्रके वाटताना पकडलेला संघटक लॅरी फोरमन आहे. दहा प्रवेशांत प्रत्येक प्रतिष्ठिताचा भाव कसा ठरला ते मागे जाऊन दिसते.

चर्चचा प्रवेश नमुना म्हणून पाहण्यासारखा आहे. रेव्हरंड सॅल्व्हेशन यांच्याकडे मिसेस मिस्टर देणगी घेऊन तीनदा येतात, १९१५, १९१६ आणि १९१७ साली. पहिल्या वर्षी प्रवचन शांततेचे हवे असते. दुसऱ्या वर्षी शांतता हवीच असते, पण सावधपणे. तिसऱ्या वर्षी युद्ध हवे असते, कारण पोलादाला युद्धात भाव आहे. संगीताचा साचा तिन्ही वेळा तोच राहतो आणि शब्द तेवढे बदलतात. प्रेक्षक हसतो आणि हसता हसता हिशेब समजून घेतो. वर्तमानपत्राच्या प्रवेशात संपादक डेली मालक बदलताच बातमी बदलतात. डॉक्टर स्पेशलिस्ट संशोधनाचे पैसे मिळावेत म्हणून जखमी कामगार दारू प्यायला होता असा दाखला देतात. पात्रांची नावेच त्यांचा धंदा सांगतात. मिस्टर मिस्टर, एडिटर डेली आणि प्रेसिडेंट प्रेक्सी यांच्यात मानसशास्त्र शोधत बसू नये, ही व्यंगचित्रे आहेत.

संगीत म्हणाल तर बोलणे, तालात बोलणे आणि गाणे यांच्या सीमारेषेवर सतत ये-जा. जॅझ, लोकप्रिय गाण्यांची टवाळी, मधेच कडक विसंवादी स्वर. त्या वर्षीच्या ब्रॉडवेला सवय असलेली गोड, सुटी गाणी इथे थोडी आणि तीही चेष्टेसाठी. शेवटी वेगवेगळी कामे करणाऱ्या कामगारांचे गट रस्त्यावर एकत्र येतात आणि मिस्टर मिस्टर पहिल्यांदा घाबरतात.

बाहेर काय चालले होते

एरवी हे नाटक प्रचारनाट्य म्हणून खपून गेले असते. १९३७ च्या वसंतात ते बातमीच्या अंगावर गेले. सीआयओ या नव्या कामगार महासंघाने मोटार आणि पोलाद उद्योगांत संघटना बांधायला घेतल्या होत्या. फ्लिंटच्या जनरल मोटर्स कारखान्यातला बैठा संप ११ फेब्रुवारीला जिंकला गेला. २ मार्चला यू. एस. स्टील या सर्वांत बलाढ्य कंपनीने संघटनेशी करार केला. छोट्या पोलाद कंपन्या मात्र हटून बसल्या आणि २६ मे रोजी त्यांच्याविरुद्ध संप सुरू झाला. ३० मे रोजी शिकागोत रिपब्लिक स्टीलसमोर पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला, दहा जण दगावले. म्हणजे पोलादगावातला संप रंगमंचावर यायला आणि खऱ्या पोलाद संपात रक्त सांडायला जेमतेम अडीच आठवड्यांचे अंतर होते.

त्यात डब्ल्यूपीएच्या कपातीची भर. २७ मे रोजी न्यूयॉर्कमधल्या सरकारी कलावंतांनी एक दिवस काम बंद ठेवले. १० जूनला न्यूयॉर्कच्या नाट्य विभागात ३० टक्के कपातीचा हुकूम निघाला. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, योजनेचे विरोधक आयते कारण शोधत होते. अशा वेळी सरकारी पैशाने कामगारक्रांतीचे गाणे गायला कोणता अधिकारी आपणहून सही करील?

मग ही बंदी होती की खरीच कपात? दोन्ही. कपात खरी होती आणि शेकडो माणसे त्यात गेली. पण फ्लॅनगन यांनी या एका नाटकाला सूट मागितली तेव्हा ती नाकारली गेली, नाटक तयार असताना आणि तिकिटे विकलेली असताना. वेल्स स्वतः वॉशिंग्टनला जाऊन आले, उपयोग झाला नाही. निर्मितीवरचा बहुतेक पैसा तर आधीच खर्च झाला होता, त्यामुळे पडदा न उघडून वाचणार काहीच नव्हते. आमच्या मते निर्णायक मुद्दा हा. फ्लॅनगन यांनीही पुढे याला वेगळ्या वेषातली सेन्सॉरशिप मानले. आपल्याकडे इंग्रज सरकारने १९१० साली ‘कीचकवध’ बंद पाडले तेव्हा नाट्यप्रयोगांचा १८७६ चा कायदा हाताशी होता आणि बंदीला बंदीच म्हटले होते. वॉशिंग्टनकडे तसा कायदा नव्हता, आणि तारीख पुढे ढकलता येत असताना त्याची गरजही नव्हती.

तीन कुलपे

१४ जूनच्या रात्री निमंत्रित प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम झाली. काचेच्या तळाचे, आतून उजळणारे सरकते फलाट, पूर्ण वाद्यवृंद, संगीत दिग्दर्शक लीमन एंगल. वेल्स यांनी कल्पिलेले नेपथ्य प्रेक्षकांनी पाहिले ते तेवढ्याच रात्री.

पहिले कुलूप सरकारचे. १५ तारखेला डब्ल्यूपीएचे पहारेकरी थिएटरात आले. नेपथ्य, कपडेपट, सामान यांतले काहीही बाहेर न्यायला मनाई, कारण ते सरकारी पैशातले. लॅरी फोरमनची भूमिका करणाऱ्या हॉवर्ड दा सिल्वा यांचा केसांचा टोपही आत अडकला. या कुलपाची कक्षा मात्र ठरलेली होती. सरकारी वास्तू, सरकारी वस्तू, सरकारी प्रयोग. नाटकाच्या शब्दांवर आणि स्वरांवर सरकारची मालकी नव्हती, ती ब्लिट्झस्टाइन यांची होती. दुसरे थिएटर भाड्याने घेतले तर लेखक आपले नाटक कुठेही करू शकत होता.

दुसरे कुलूप नटांच्या संघटनेचे, म्हणजे अॅक्टर्स इक्विटीचे. एका निर्मात्याकडे तालीम केलेले नाटक त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्या निर्मात्यासाठी रंगमंचावर करू नये, असा तिचा निर्णय आला. नियम मुळात नटांच्याच भल्याचा होता. नाहीतर कोणीही निर्माता दुसऱ्याच्या पैशाने बसवलेले नाटक उचलून नेईल आणि तालमीचा मोबदला बुडवील. पण इथे पहिला निर्माता खुद्द फेडरल थिएटर होते आणि परवानगी मिळणे शक्य नव्हते.

तिसरे कुलूप वादकांच्या संघटनेचे. ब्रॉडवेवरच्या खासगी थिएटरात वाजवायचे तर ब्रॉडवेचे पूर्ण दर आणि वादकांची पूर्ण संख्या, अशी त्यांची अट. हातात शेकड्याने डॉलर नसलेल्या मंडळींना हे परवडणेच शक्य नव्हते. इक्विटीच्या निर्णयात फट सापडली, वादकांच्या दरपत्रकात फट नसते. वाद्यवृंद सोडून द्यावा लागला.

मग हाती काय उरले ते मोजू. संगीतकार कोणत्याच कुलपात बसत नव्हता. आपले नाटक तो एकटा पियानोवर वाजवून गाऊन दाखवू शकत होता, निर्मात्यांना ऐकवताना त्याने ते अनेकदा केलेही होते. दुसरे, इक्विटीचा निर्णय रंगमंचापुरता होता. नट साध्या प्रेक्षकांसारखे येऊन खुर्चीत बसले आणि आपल्या ओळीला उभे राहून बोलले, तर ते रंगमंचावर नसतात. हाऊसमन आणि वेल्स यांनी नटांना एवढेच सांगितले. ज्यांना शक्य आहे त्यांनी करा, ज्यांचा रिलीफचा पगार पणाला लागतो त्यांना कोणी दोष देणार नाही.

एका संध्याकाळचे वेळापत्रक

प्रयोगाच्या दिवशी थिएटरच नव्हते. सकाळपासून ३९ व्या रस्त्यावरच्या तळघरातल्या कार्यालयातून फोन चालू होते. एखादे थिएटर मिळे, पण कुठे भाडे फार, कुठे मालक घाबरे, कुठे आणखी एक संघटना मध्ये येई. तंत्रसाहाय्यक जीन रोझेन्थाल यांना दहा डॉलर देऊन पियानो आणायला पाठवले. पियानो मिळाला, ट्रकवर चढला, पण उतरवायचा कुठे? ट्रक शहरात फेऱ्या मारत राहिला आणि त्या अधूनमधून फोन करून विचारत राहिल्या.

अंधार पडेपर्यंत मॅक्सीन एलियटसमोर रस्त्यावर शेकडो लोक जमले होते. विल गीर आणि इतर नटांनी पदपथावर गाऊन त्यांना धरून ठेवले. हा भाग गोष्ट सांगताना घाईत निसटतो, पण गर्दी पांगली असती तर नव्या थिएटरला प्रेक्षकच नसता. कार्यालयात दुपारपासून एक थिएटर-दलाल बसून होता. व्हेनिस थिएटर रिकामे आहे, असे तो सांगत होता आणि त्या धांदलीत कोणाचे लक्ष नव्हते. कंटाळून घरी निघताना त्याने ते पुन्हा म्हटले तेव्हा सगळे त्याच्यावर तुटून पडले. भाडे एका रात्रीचे १०० डॉलर. जागा सातव्या अव्हेन्यूवर, ५८ व्या-५९ व्या रस्त्यांदरम्यान, म्हणजे उत्तरेला सुमारे वीस चौक, पायी साधारण दीड किलोमीटर. लोक भुयारी रेल्वेने, टॅक्सीने, बरेचसे चालत गेले. वाटेत जो भेटेल त्याला बोलावत गेले, कारण आता प्रवेश फुकट होता.

ट्रक आला. शेजारच्या अग्निशमन केंद्रातल्या जवानांनी पियानो रंगमंचावर चढवला. आवाज मोकळा व्हावा म्हणून त्याचे पुढचे फळकूट काढून टाकले होते. एंगल यांनी सरकारी थिएटरातून स्वरलिपीची वही भर जूनमध्ये ओव्हरकोटाखाली लपवून आणली होती. प्रकाशयोजनाकार एब फेडर यांच्याकडे प्रकाशझोत एक. व्हेनिसमध्ये एरवी इटालियन कार्यक्रम होत, त्यामुळे मुसोलिनीच्या इटलीचा झेंडा टांगलेला होता. प्रेक्षकांनी तो आधी खाली खेचला. प्रेक्षागृहातल्या सतराशेवर खुर्च्या भरल्या आणि लोक मागे उभे राहिले. नऊ वाजून गेल्यावर हाऊसमन आणि वेल्स यांनी पडद्यासमोर येऊन परिस्थिती सांगितली. ही कृती सरकारविरुद्धची राजकीय घोषणा नाही, कलावंतांचा निर्णय आहे, असा त्यांचा सूर होता. पडदा वर गेला. मधोमध पियानो आणि कोट काढून नुसत्या शर्टात बसलेले ब्लिट्झस्टाइन.

स्थळ आणि वेळ त्यांनी स्वतःच सांगितली आणि मॉलचे पहिले गाणे सुरू केले. आपल्याला शेवटपर्यंत एकट्यानेच गायचे आहे, अशी त्यांची तयारी होती. काही ओळींतच डाव्या बाजूच्या खालच्या बॉक्समधून दुसरा आवाज ऐकू आला. ऑलिव्ह स्टँटन उभ्या राहून गात होत्या. त्या नामवंत नव्हत्या, रिलीफवर होत्या, घरखर्च त्याच पगारावर होता आणि पहिले उठणे त्यांच्याच वाट्याला आले होते, कारण नाटकाची सुरुवात त्यांच्या ओळीने होती. फेडर यांचा झोत त्यांच्यावर गेला, ब्लिट्झस्टाइन यांनी आपला आवाज हळूहळू काढून घेतला. पुढची ओळ खालच्या मजल्यावरच्या खुर्चीतून आली. मग दुसरीकडून, मग आणखी कुठून.

खुर्च्यांमधून नाटक करताना काय अडते

पहिली अडचण आवाजाच्या वेगाची. पियानो रंगमंचावर आणि गायक बाल्कनीच्या टोकाला, अंतर ३० मीटर धरू. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे पियानो गायकाला ०.०९ सेकंद उशिरा ऐकू येतो आणि गायकाचे उत्तर परत पियानोवाल्याला तितकेच उशिरा. एकूण फरक ०.१८ सेकंदाच्या आसपास. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत अर्धा ठोका पाव सेकंदाचा असतो. दोघेही एकमेकांची वाट पाहू लागले की लय रखडत रखडत बसते. उपाय एकच, पियानोवाल्याने कोणाची वाट पाहायची नाही, गायकाने ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी लय धरायची. ब्लिट्झस्टाइन स्वतः वाजवत असल्याने लय एकाच डोक्यात होती आणि नटांना ती तालमींमुळे अंगवळणी पडली होती. तालीम न झालेल्या नाटकावर ही युक्ती चालणार नाही.

दुसरी अडचण समोरासमोरच्या प्रवेशांची. एकाच संवादातली दोन पात्रे प्रेक्षागृहाच्या दोन टोकांना असली तर मधला प्रेक्षक माना वळवत बसतो. त्या रात्री त्यातूनच मजा आली, पण कोण बोलते आहे हे कळायला झोत अचूक पडावा लागतो आणि नट कुठे बसला आहे ते झोतवाल्याला आधी ठाऊक नव्हते. फेडर आवाजाच्या मागे झोत फिरवत गेले.

तिसरी, गैरहजर पात्रांची. सगळे नट आले नव्हते आणि येतील असे धरणेही बरोबर नव्हते. हायरम शर्मन यांना इतरांच्या ओळी पाठ होत्या, त्यांनी आपल्या भूमिकेशिवाय आणखी काही ओढून नेल्या. बाकीच्या ब्लिट्झस्टाइन यांनी पियानोवरूनच म्हटल्या आणि प्रवेश बदलला की स्थळही तेच सांगत. वादकांपैकी एकटा अकॉर्डियनवाला आला होता, त्याने प्रेक्षागृहातूनच साथ धरली.

नाटक याने मोडले नाही, कारण त्याची बांधणी सुट्या प्रवेशांची, व्यंगचित्री आणि तालबद्ध बोलण्याची. ज्या नाटकात प्रेमप्रवेश नजरेवर चालतात ते असे पार पडले नसते. खरे सांगायचे तर वेल्स यांच्या सरकत्या काचेच्या फलाटांपेक्षा रिकाम्या रंगमंचाने ब्लिट्झस्टाइन यांच्या लेखनाला जास्त न्याय दिला. सरकारने कुलूप लावले नसते तर हे कदाचित त्या दोघांनाही कळले नसते. प्रयोग संपल्यावर कवी आर्चिबाल्ड मॅक्लीश यांनी रंगमंचावरून भाषण केले.

किंमत आणि पुढे

दोनच दिवसांत प्रकरण रीतसर झाले. नटांनी डब्ल्यूपीएकडून दोन आठवड्यांची रजा घेतली, इक्विटीकडे पगाराच्या हमीची अनामत भरली, आणि १ जुलैपर्यंत व्हेनिसमध्ये तिकीट लावून प्रयोग झाले. नट तरीही खुर्च्यांतच राहिले, कारण लोक तेच पाहायला येत होते. वेल्स यांनी राजीनामा दिला. हाऊसमन यांना काढले, तेही नाटकाच्या कारणाने नव्हे. ते रुमानियात जन्मलेले, अमेरिकेचे नागरिक नव्हते, आणि नागरिक नसलेल्यांना डब्ल्यूपीएत ठेवू नये असा नियम आला होता. इथेही कागद नाटकाबद्दल चकार शब्द बोलत नाही.

दोघांनी त्याच वर्षी मर्क्युरी थिएटर काढले. डिसेंबर १९३७ पासून रविवारच्या रात्री ‘क्रेडल’ तिथे झाले. आता नट रंगमंचावर खुर्च्यांच्या रांगांत बसत आणि पुढे येऊन प्रवेश करत. जानेवारी १९३८ मध्ये ते विंडसर थिएटरात गेले आणि शंभराहून अधिक प्रयोग झाले. त्याच वर्षी म्युझिक्राफ्ट कंपनीने तबकड्यांवर ते मूळ नटसंचाच्या आवाजात ध्वनिमुद्रित केले. ब्रॉडवेच्या मूळ संचाची अशी मुद्रणे तेव्हा जवळपास नव्हतीच.

फेडरल थिएटर मात्र वाचले नाही. ६ डिसेंबर १९३८ रोजी फ्लॅनगन यांना मार्टिन डाइज यांच्या अमेरिकाविरोधी कारवायांच्या समितीपुढे साक्षीला बोलावले. फ्लॅनगन यांच्या एका लेखात मार्लो या नाटककाराचा उल्लेख होता. तो कम्युनिस्ट आहे का, असे अलाबामाचे सदस्य जो स्टार्न्स यांनी विचारले. मार्लो १५९३ साली वारला होता. लोक हसले, पण पैसा काँग्रेसच्या हातात होता आणि ३० जून १९३९ रोजी योजना बंद झाली. याही वेळी नाटकांवर बंदी नव्हती, अर्थसंकल्पात तरतूद नव्हती. पुढे १९५० च्या दशकात दा सिल्वा आणि गीर दोघेही काळ्या यादीत गेले आणि १९५८ मध्ये ब्लिट्झस्टाइन यांनाही समितीने बोलावले.

आज हे नाटक बसवणाऱ्याला पहिला निर्णय घ्यावा लागतो तो वाद्यांचा. एक पियानो, रिकामा रंगमंच, खुर्च्या, ही पद्धत स्वस्त आहे आणि इतकी रुळली आहे की लेखकाची मूळ कल्पना हीच होती असे अनेकांना वाटते. तशी ती नव्हती. ब्लिट्झस्टाइन यांनी वाद्यवृंदासाठी पूर्ण लेखन केले होते. संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन यांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी सेंटरला ते वाद्यवृंदासह केले आणि ऑपेरा सॅराटोगाने २०१७ मध्ये मूळ वाद्ययोजना पुन्हा वाजवली. पियानो घ्यायचा असेल तर तो नटांच्या नजरेच्या टप्प्यात आणि पुढचे फळकूट काढलेला ठेवावा, आणि तो वाजवणाऱ्याला सगळ्या भूमिका पाठ असाव्यात. वाद्यवृंद घ्यायचा असेल तर तालबद्ध बोलणे वाद्यांखाली बुडू न देणे हे सगळ्यात कठीण काम. नटांना प्रेक्षागृहात पसरवण्याचा मोह मात्र आवरलेला बरा. ती १६ जूनच्या रात्रीची इक्विटीच्या नियमातली पळवाट होती, संहितेत तिची सूचना कुठेही नाही.